लोखंडी कढईतली अंबाडी

पिंपळटोली, पोस्ट हिंगणी
४ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमाले आत्या जिजाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू आठवीत होती तवा एकदा चुलीजवळ उभी राहून मले म्हणाली होती, "आत्या, उद्यापासून माह्या डब्यात हे काळं देऊ नको." मी तवा काऊन म्हणून विचारलं नाई. पोरगी मोठी होऊन राह्यली, तिची काही मर्जी असन, असं समजून गप्प बसली. तुही माय गेल्यावर तुले मीच वाढवली, तरी एवढं विचाराची हिंमत नाई झाली. आता तीस वर्षं झाले. आता विचारून राह्यली, कारण तेच काळं आता माह्या उरावर आलं.

मी शाळेत पोट्ट्याईसाठी सतरा वर्षांपासून रांधते, हे तुले माहीत हाये. उन्हाळ्याच्या आधी डॉक्टरीणबाई आली होती. तिनं पोरीईचं रक्त तपासलं. सातवीच्या अकरा पोरीईपैकी नऊ जणींचं कमी निघालं. गुंजन त प्रार्थनेत उभ्या उभ्या खाली पडली. शाळेत लाल गोळ्या आल्या, पण पोरी त्या कुंपणापल्याड फेकत. म्हणे पोट दुखते, म्हणे संडास काळी होते. मी त्याईले रागावली. पण नुसतं रागावून काय होते?

मंग जूनमध्ये मी शाळेच्या कुंपणाले अंबाडी पेरली आणि घरची लोखंडी कढई शाळेत नेली. बुधवारी आणि शनिवारी खिचडीसंग अंबाडीची भाजी, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. पोट्टे ताट चाटून राह्यले होते. लोखंडात अंबाडी शिजली का काळी होते, हे तुले काय सांगू.

जुलैतल्या एका बुधवारी योगेंद्र आला. हिंगणीतल्या किराणावाल्याचा पोरगा, यंदा शाळेच्या समितीवर आला. ताटात पाहून म्हणते, "जिजाबाई, हे काय? डांबर वाढून राह्यल्या का पोट्ट्याईले?" मी म्हणलं, "डांबर असतं त तुह्या घरापुढचा रस्ता नसता झाला का?" सारे पोट्टे हासले. तिथंच माही चूक झाली. हासलेले पोट्टे त्याच्या मनाले लागले. त्यानं फोटो काढला. संध्याकाळी साऱ्या गावाच्या फोनवर, "शाळेत सडकी भाजी."

आठ दिवसांनी तालुक्याचे साहेब आले. कढई कुलपात गेली. कोण्या आहार सल्लागारानं फोटो पाहून लिहून देलं म्हणे, खाण्यास अयोग्य. चौकशी होईपर्यंत मी घरी. माह्या जोडीची कमला एकटी रांधून राह्यली.

कामाचं दुःख नाई असं म्हणणार नाई. हाये. पण साऱ्याईच्या फोनवर 'सडकी' लिहिलं हाये, आणि माह्या हातून सडकं कोणाच्या ताटात गेलं नाई आजवर. तू याच गोष्टीची शिकेल हायेस. मले कागदावर लिहून दे. ते काळं काय होये? आंगाले चांगलं का वाईट? फोन करू नको. फोनवर बोललेलं हवेत जाते. हा सारा मामला कागदाचा हाये, तू बी कागदावरच बोल.

आणि आठवीतलं बी सांगजो.

तुही आत्या
जिजाबाई


सिंदी मेघे, वर्धा
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, शिरोरेषेवरून ओळ खाली घसरत नाही.

तू विचारलंस ते आधी सांगते. अंबाडीच्या पानात आंबट द्रव्यं असतात. लोखंडी कढईत आंबट शिजवलं की कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. पानात काही तुरट द्रव्यंही असतात. ती लोहाला भेटली की काळा रंग येतो. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड एकत्र भिजवून शाई करत, तीही याच रीतीनं. तेव्हा काळं म्हणजे सडकं नाही, आणि काळं म्हणजे जळकंही नाही.

पण सगळं तुझ्या बाजूचंच सांगत नाही. ती तुरट द्रव्यं लोहाचा काही भाग धरून ठेवतात, तेवढा अंगी लागत नाही. उलट आंबटपणा आणि क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतात. फार वेळ शिजवलं की हे जीवनसत्त्व बरंच जातं, म्हणून ताटात वरून लिंबू पिळावं. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, तो लोहाची वाट अडवतो. आणि ज्या मुलींचं रक्त फार कमी आहे, त्यांच्या गोळ्या चालूच राहायला हव्यात. भाजी गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही.

आता माझं म्हणणं. हे सगळं कागदावर मांडलं तरी तालुक्याला ते वाचायला वेळ नाही. फोटोवरून अभिप्राय देणाऱ्यांकडे दिवसाला तीस-चाळीस फोटो येतात. एकेका फोटोला किती वेळ मिळत असेल? तू दोन ओळींचा अर्ज दे. "अनवधानाने चूक झाली, यापुढे शाळेचीच भांडी वापरीन." महिन्याभरात तू परत कामावर असशील. लोक सहा महिन्यांत विसरतात. एकसष्टाव्या वर्षी तू कुणाकुणाशी भांडत बसणार?

आठवीतलं मला आठवत नाही. मुलींचं काहीतरी खूळ असतं त्या वयात.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी
पौर्णिमा


पिंपळटोली
१८ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमा,

तुह्या पत्राचं पह्यलं पान मी चार जणींले वाचून दाखवलं. शाईची गोष्ट ऐकून कमला म्हणते, "म्हणजे आपण पोट्ट्याईले शाई पाजत होतो का व?" मी म्हणलं, "हाव, म्हणूनच हुशार होऊन राह्यले." लिंबाचं मात्र खरंच माह्या ध्यानात आलं नव्हतं. चहाचं मले माहीत होतं, पण काऊन ते माहीत नव्हतं.

दुसरं पान कोणाले वाचून दाखवलं नाई. मले लाज वाटली. "अनवधानाने चूक झाली." बाई, मी अनवधानानं नाई केलं. ध्यान ठेवून केलं. बी निवडून पेरलं, पानं तीन पाण्यानं धुतली, कढई घरून डोक्यावर नेली. चूक झाली म्हणून सही केली त उद्या गुंजन काय समजन? का जिजाबाईनं आपल्याले सडकं खाऊ घातलं. मी सही करणार नाई. माही सही मी पस्तिसाव्या वर्षी शिकली, रात्रीच्या वर्गात जाऊन. खोट्या कागदावर ती पह्यल्यांदा नाई वापरणार.

आता माह्या घरची बातमी. शाळेच्या कुंपणाले लागून माहं आंगण हाये, तुले आठवत असन. तिथं मी दुसरी कढई मांडली. शेजारणीची होती, गंजून पडली होती. मधल्या सुट्टीत पोरी येतात, ताट घेऊन. हेडमास्तर प्रभाकरराव कुंपणाजवळ आले, म्हणते, "जिजाबाई, हे नियमात बसत नाही." मी म्हणलं, "सर, माह्या आंगणात कोण बसते ते मी ठरवते, नियम नाई." ते बिचारे कुंपणावरून कढईत डोकावले. मंग म्हणाले, "लिंबू पिळता का?" मी म्हणलं, "वर्ध्याहून तसा हुकूम आला हाये." हासत गेले. माणूस वाईट नाई, भेतो फक्त.

अजून एक सांगते, हासशील. परवा दुपारी योगेंद्रची माय अनुसयाबाई आली. पदराखाली डबा. इकडं-तिकडं पाहून म्हणते, "जिजाबाई, थोडी भाजी दे ना. सून स्टीलच्या कुकरात करते, तिले चवच नाई येत." मी म्हणलं, "सडकी हाये, चालन का?" ती म्हणते, "पोराचं मनावर नको घेऊ व. त्याले लहानपणी मीच भरवत होती हे." डबा भरून देला. मनात आलं, हिले सुनावणीत उभं करावं. पण ती नाई बोलणार. जाऊ दे.

आता कामाचं. हेडमास्तरनं मले त्या अभिप्रायाची नक्कल देली. "भाजी काळी पडलेली, खराब झालेली दिसते. खाण्यास अयोग्य." खाली आहार सल्लागार असा शिक्का आणि एक वाकडी सही, नाव वाचता येत नाई. मी ते लय वेळा वाचलं. पौर्णिमा, त्या माणसावर माहा राग नाई. त्याले कोणी अंबाडी खाऊच घातली नसन. शहरात वाढला असन. काळं पाह्यलं आणि भेलं लेकरू. ज्यानं पाह्यलंच नाई त्याले काय माहीत?

हा कागद वर्ध्याच्या ज्या ऑफिसातून आला, तू तिथंच कामाले हायेस. तो कोण हाये ते शोधजो. त्याले म्हणजो, एक दिवस आत्याकडं जेवाले ये. रागवणार नाई. बसवून वाढीन.

जिजाबाई


सिंदी मेघे
३१ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

दहा दिवस तुझं पत्र टेबलाच्या खणात होतं. रोज काढत होते आणि परत ठेवत होते.

ती वाकडी सही माझी आहे.

फोटो माझ्याकडे जुलैच्या शेवटच्या सोमवारी आला. शाळेचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. तेव्हा तुझी शाळा आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. तुझं पहिलं पत्र आल्यावर कळलं. पण त्या पत्राला उत्तर देताना मी तुझ्यापासून ते लपवलं, आणि तुलाच माफी मागायला सांगितलं. म्हणजे माझी चूक तुझ्या सहीनं झाकायची होती मला.

इथवर लिहून थांबले असते तर तू मला माफ केलं असतंस. तू लिहिलंस ना, ज्यानं पाहिलंच नाही त्याला काय माहीत. म्हणून पुढचं लिहायलाच हवं.

मी ती भाजी ओळखली होती. फोटो उघडला आणि त्याच क्षणी ओळखली. ताटाच्या कडेला पांढऱ्या कण्या दिसत होत्या. तो काळा रंग सडल्याचा नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्याच्याही आधी जिभेला माहीत होतं. तेवढ्यात समोरच्या टेबलावरचा सचिन उठून आला. नवा मुलगा आहे, मनानं चांगला. वाकून म्हणाला, "हे काय आहे, मॅडम? असलं कोण खातं?" आणि हसला.

मीही हसले, आत्या. म्हणाले, "काय माहीत बाई." आणि तो उभा असतानाच एक ओळ खरडून 'अयोग्य'च्या चौकटीत खूण केली. सगळं मिळून अर्धं मिनिट.

मी त्या अर्ध्या मिनिटाचा फार विचार केला. कामाचा ताण होता, फोटो पुष्कळ होते, हे सगळं स्वतःला सांगून पाहिलं. ते कारण नाही. सचिनला कळू नये, एवढंच कारण आहे. मी हे खाऊन मोठी झाले, हे त्याला कळू नये.

तू आठवीतलं विचारलंस. मला आठवतं. मी खोटं लिहिलं होतं. शाळेत आम्ही पाच-सहा जणी गोल करून डबे उघडायचो. रूपाली माझी मैत्रीण होती. ती भांडकुदळ नव्हती, दुष्ट नव्हती. माझ्या डब्यात पाहून सहज म्हणाली, "तुमच्यात असंच काळं खातात का गं?" एक जण आपला डबा घेऊन थोडी मागे सरकली. बस, एवढंच. मारहाण नाही, शिवी नाही. मी घरी येऊन तुला ते वाक्य बोलले. तू काही न विचारता दुसऱ्या दिवशी पोहे दिलेस.

मी लोकांना अन्नातलं काय चांगलं ते शिकवते. भाषणं देते. जवसात काय आहे, नाचणीत काय आहे, हळदीत काय आहे. बाटलीत भरून महाग विकलेल्या अंबाडीच्या सरबताचे गुणसुद्धा मी एकदा मंचावरून सांगितले. पण ताटातली अंबाडी समोर आली, तेव्हा मला ती ओळखता आली नाही असं मी दाखवलं.

तू राग कर. बसवून वाढू नकोस.

पौर्णिमा


पिंपळटोली
७ सप्टेंबर २०२५

पौर्णिमा,

तुहं पत्र पोहोचलं. दोन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं नाई.

राग हाये. तू लिहिलं म्हणून नाई, हायेच. ज्याले माहीत नाई त्याले खाऊ घालता येते. ज्याले माहीत असून नाई म्हणते, त्याले मी काय खाऊ घालू?

आता माही बी एक गोष्ट ऐक. मी बी तुले सांगतली नव्हती.

तू ते बोलली त्या संध्याकाळी मी कढई मोरीत नेली आणि विटेच्या भुग्यानं घासली. हात सोलले पण ती पांढरी होईपर्यंत सोडली नाई. मले वाटलं, काळं म्हणजे आपल्या हाताचाच काही दोष हाये. मंग ती माळ्यावर टाकली आणि दोन वर्षं तुह्यासाठी सारं जर्मनच्या, अल्युमिनच्या पातेल्यात रांधलं. दहावीच्या परीक्षेच्या आधी तू शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणे, पोरीच्या आंगात रक्तच नाई. मी तिथं उभी होती. मले तवा शाई-बिई, तुरट-बिरट काही माहीत नव्हतं. पण मनानं म्हणलं, जिजे, तू लाजली म्हणून ही पडली. कोणाले सांगतलं नाई. गुंजन पडली तवा ते सारं पुन्हा वर आलं. म्हणून इतकी वर्षं लाजेनं माळ्यावर पडलेली ती कढई काढली आणि शाळेत नेली.

एकदा मी लोकाईच्या डोळ्यानं आपली कढई पाह्यली. आता नाई पाहणार. मले काढून टाकलं तरी नाई.

१९ तारखेले, शुक्रवारी, तालुक्याले सुनावणी हाये. मी एकटी बोलीन. दोन गोष्टी मागीन. कढई परत पाहजे, आणि भाजी सडकी नव्हती हे लिहून पाहजे. तोंडी नको. "समज देऊन कामावर घेतलं" असं त्याईनं लिहिलं, त मी कामावर जाणार नाई.

तू येऊ नको. तुही नोकरी घालवून माह्यावर उपकार करू नको. तुह्या उपकाराच्या चुलीवर माही कढई नाई चढत. माह्यासाठी काही करू नको, आणि दिवाळीच्या सुट्टीत इकडं येऊ नको. मले वाटन तवा मी लिहीन.

पोरीईचं पुन्हा रक्त तपासाले डॉक्टरीणबाई पुढच्या महिन्यात येणार हाये. वाढलं का नाई वाढलं, देव जाणे. गोळ्या बी खाऊन राह्यल्या आता, मी समोर उभी राहून गिळाले लावते.

जिजाबाई


सिंदी मेघे
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

तू लिहू नको म्हणाली नव्हतीस, येऊ नको म्हणाली होतीस. म्हणून लिहिते.

आधी कढईचं. मी पडले ते तू कढई घासलीस म्हणून, असं माझं शास्त्र सांगत नाही. भाजी मी स्वतः बंद केली होती. जेवण झालं की तुझ्या नकळत शेजारी जाऊन चहा प्यायचे. त्या वयात मुलींचं रक्त तसंही कमी होतं. कशानं किती, हे कुणीच मोजून सांगू शकणार नाही. तू तीस वर्षं एकटीनं ते ओझं घेतलंस, मला एकदाही न विचारता. या बाबतीत आपण दोघी सारख्याच.

आता मी जे केलं ते. तुला विचारून केलेलं नाही.

सोमवारी वर्ध्याच्या बाजारातून अंबाडी आणली. लोखंडी कढई विकत घेतली. तुझ्यासारखी झाली नाही, कण्या थोड्या कच्च्या राहिल्या. मंगळवारी ऑफिसात जेवणाच्या वेळी सगळ्यांच्या मध्ये ठेवली. सचिननं विचारलं, "हे तेच आहे का, मॅडम? फोटोतलं?" मी म्हणाले, "तेच. मी यावरच वाढले. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले." त्यानं दुसऱ्यांदा मागितली नाही, पण वाढलेली संपवली. फार मोठा बदल झाला असं सांगत नाही. एका माणसानं एक वाटी भाजी खाल्ली.

बुधवारी मी दुसरा अभिप्राय लिहून दिला. पहिल्या ओळीत लिहिलं की जिजाबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत. दुसऱ्या ओळीत, की फोटो आला तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं, पण भाजी कोणती ते ठाऊक होतं. तिसऱ्या ओळीत, की माझा पहिला अभिप्राय चुकीचा होता आणि तो मी जाणूनबुजून दिला. मग भाजी काळी का होते ते, अर्धं पान. खाली सही, या वेळी पूर्ण नावासकट.

आमच्या ऑफिसच्या साहेबांनी वाचलं. म्हणाले, "नात्यातलं प्रकरण आहे, मॅडम. तुम्ही बाजूला होणं बरं."

मी म्हणाले, "म्हणूनच भाजी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, सर. माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण पहिला कागद खोटा आहे, हे मीच सांगायला हवं. तो दुसरं कुणी लिहिलेला नाही."

"सप्टेंबरअखेर तुमचा करार संपतो, लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे, सर."

ते चष्मा पुसत राहिले. कागद परत दिला नाही, हे एक बरं झालं. आवक क्रमांक घेऊन मगच मी खोलीतून निघाले. ते तुझ्याकडूनच शिकले.

हा उपकार नाही, आत्या. उपकार असता तर तू नको म्हटल्यावर मी थांबले असते. त्या फोटोखाली माझं खोटं आहे, आणि ते काढायचा हक्क माझा आहे. तुझी लढाई तू एकटी लढ, मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही. मी फक्त माझ्याविरुद्ध बोलणार आहे. त्याला तू आडवी येऊ शकत नाहीस. करार गेला तर जाईल. मला दुसरं काम येतं. मुलींना शिकवता येतं, आणि आता भाजीही बरी यायला लागेल.

तेव्हा शुक्रवारी मी येणार आहे. साक्षीसाठी मला लेखी बोलावणं आलं आहे, म्हणजे तुझ्या 'येऊ नको'वर हा कागद आहे. मला तालुक्याच्या साहेबांच्या बाजूला खुर्ची देतील. तू समोरच्या बाकावर असशील, नऊवारीचा काचा घट्ट खोचून, पिशवीत सगळ्या नकला घेऊन. योगेंद्रही असेल. त्याच्या देखत मी तीन ओळी वाचीन. शेवटपर्यंत वाचीन.

वाचून झाल्यावर मला परत त्या खुर्चीत बसायचं नाही. मी उठून पलीकडे येणार आहे, तुझ्या बाकाजवळ. सगळे बघत असतील. तू खिडकीबाहेर बघत राहशील, पिशवी मांडीवरून काढून शेजारी ठेवशील, म्हणजे जागा उरणार नाही. तुझा राग मला पाठ आहे. तुझं उत्तरही मला माहीत आहे, ते लिहून पाठवायची गरज नाही. तरी एवढं विचारते.

थोडी सरकशील का?

तुझी
पौर्णिमा